ईईजीच्या खोलीत विचारले जाणारे प्रश्न : बायकांची मिरगी, पुरुषांची मिरगी

गेली बावीस वर्षं मी इंदुरात ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढते. डोकं टेपने मोजायचं, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, पेस्ट लावून तारा चिकटवायच्या आणि मेंदूच्या रेघा उमटताना बघत बसायचं, हे माझं काम. एका तपासणीला तासभर सहज जातो. डॉक्टरांसमोर जे निघत नाही ते त्या तासात माझ्यासमोर निघतं. रामबागेतल्या आजी, सुदामानगरातल्या वहिनी, पीथमपूरच्या कारखान्यातला मुलगा, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच. ते इथे लिहून काढले आहेत. डोसबद्दल मला विचारू नका, ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचं काम. बाकी जे माहीत आहे ते सांगते.

फिट, फेफरं, आकडी, मिरगी, दौरा. हे आजार तरी किती?

आजार एकच, नावं घरोघरची. आजी 'फेफरं' म्हणते, सून 'फिट' म्हणते, शेजारचे मालवी काका 'मिर्गी का दौरा' म्हणतात. लहान मुलाला तापात आली की तीच 'आकडी'. पुस्तकातलं नाव अपस्मार, आणि ते चरकसंहितेत आहे. तिथे व्याख्या स्मृती निघून जाण्यावरून केली आहे, हातपाय झाडण्यावरून नाही. मला हे फार मार्मिक वाटतं. का ते पुढे कळेल.

एक फरक मात्र नीट धरा. फिट ही घटना, मिरगी हा आजार. एकदा खोकला आला म्हणून कुणी दमा झाला म्हणत नाही, तसंच.

मग एकदाच फिट आली तर?

आधी डॉक्टर बघतात की त्या वेळी तिला काही कारण होतं का. साखर खूप उतरली, सोडियम घसरलं, मेंदूज्वर होता, रोजची दारू अचानक बंद केली, तर तशी फिट त्या कारणापुरती असते. लहान मुलाने देव्हाऱ्यातला कापूर गिळला तरी फिट येऊ शकते. कापूर मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

कारणाशिवाय, चोवीस तासांपेक्षा जास्त अंतराने, दोन फिट आल्या तर मिरगी म्हणतात. २०१४ पासून आणखी एक वाट मोकळी झाली. फिट एकच आली, पण एमआरआय किंवा ईईजी पाहून पुढच्या दहा वर्षांत पुन्हा येण्याचा धोका ६० टक्के किंवा त्याहून जास्त दिसत असेल, तर दुसरीची वाट न बघता निदान करता येतं.

डोक्यात नेमकं काय होतं?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक ठिणग्यांनी बोलतात. काही रसायनं त्यांना उठवतात, त्यात ग्लुटामेट मुख्य. काही गप्प बसवतात, त्यात गाबा मुख्य. हा तोल सुटला की एका भागातल्या लाखो पेशी एकाच तालात पेटतात. एरवी माझ्या पडद्यावरच्या रेघा इथल्या सराफ्यातल्या, रात्रीच्या खाऊबाजारातल्या, गर्दीसारख्या असतात, प्रत्येकाची चाल वेगळी. फिटमध्ये ती गर्दी एकदम कवायत करायला लागते.

हा वणवा एका कोपऱ्यात सुरू झाला तर आंशिक फिट, सुरुवातीपासूनच दोन्ही अर्धगोलांत असला तर सर्वांगीण. कोपऱ्यातला वणवा पसरून सगळीकडे जाऊ शकतो. म्हणून 'पडण्याआधी काय झालं?' हा प्रश्न डॉक्टर तीन-तीनदा विचारतात. चिडू नका.

बायकांना जास्त होते की पुरुषांना?

एकूण हिशेबात पुरुषांना थोडी जास्त. फरक मोठा नाही. डोक्याला मार, लकवा आणि दारू ही कारणं पुरुषांत जास्त, हे त्यामागचं एक स्पष्टीकरण. दुसरं असं की बायकांची मिरगी मोजणीतच येत नाही. घरोघर विचारायला गेलेल्याला 'आमच्या मुलीला फिट येते' असं लग्नाच्या वयाच्या मुलीची आई सांगेल का?

आत शिरून पाहिलं तर प्रकाराप्रकाराने पारडं फिरतं. लहान मुलं क्षणभर हरवतात तो प्रकार मुलींत थोडा जास्त. झोपेत तोंडाची एक बाजू ओढली जाते आणि लाळ गळते, वयात येईपर्यंत आपोआप जातो, तो प्रकार मुलग्यांत जास्त. लुकलुकत्या दिव्याने फिट येणारे मिरगीच्या रुग्णांत शंभरात तीनेकच, पण त्यांत मुली अधिक. डोक्यावरून कढत पाणी घेताना येणारी फिट दक्षिण कर्नाटकात जास्त दिसते, आणि तीत पुरुष जास्त. पीसीडीएच-१९ नावाच्या जनुकातला दोष तर अजबच आहे. तो एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणजे त्रास मुलग्यांना व्हावा. होतो मुलींना! दोष घेऊन जन्मलेले बाप बहुधा धडधाकट असतात. मुलीच्या मेंदूत चांगल्या आणि सदोष अशा दोन्ही पेशींची सरमिसळ असते, आणि बिघाड त्या सरमिसळीतून होतो असं मानतात.

कारणं काय असतात?

जगभरात जवळजवळ निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. हे ऐकून लोक नाराज होतात, कारण त्यांनी कारण आधीच ठरवलेलं असतं: नजर, परीक्षेचं टेन्शन, बाळंतपणात लागलेला वारा.

सापडतात ती कारणं अशी. जन्मताना बाळ उशिरा रडलं, मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर त्याचा व्रण पुढे फिट देतो. मेंदूज्वर आणि मेंदूतल्या क्षयाच्या गाठी. डोक्याला मार. साठीनंतर पहिल्यांदाच फिट आली तर आधी लकवा आठवायचा, मग मेंदूतली गाठ. काही जनुकांचे दोष. काहींत शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. लहानपणी तापातली आकडी अर्धा तास लांबली असेल, तर पुढे काहींत कानामागच्या भागातला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी सांभाळणारा मेंदूचा तुकडा, आक्रसलेला सापडतो, आणि काही वर्षांनी, बहुधा शाळकरी किंवा किशोरवयात, फिट सुरू होतात. म्हणून एकवीस वर्षांच्या मुलाच्या आईला मी विचारते, 'हा दोन वर्षांचा असताना ताप आला होता का हो?' ती चकित होते.

आपल्याकडचं एक मोठं कारण मात्र वेगळा प्रश्न घेण्याजोगं आहे.

आम्ही अंडंसुद्धा खात नाही. डोक्यात किडा कुठून आला?

हा प्रश्न महिन्यातून एकदा येतोच, आणि विचारणारी बाई रागावलेली असते. सीटीवर डॉक्टरांना कडीसारखी गोल गाठ दिसली, त्यांनी 'न्यूरोसिस्टिसर्कोसिस' म्हटलं, आणि कुणीतरी सांगितलं की हे डुकराच्या मांसातून होतं. घरात भूकंप! मुलगा बाहेर काय खातो?

तर ऐका. डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर पोटात पट्टकृमी होतो. मेंदूतली गाठ मांसातून होत नाही, ती त्या कृमीच्या अंड्यांमुळे होते. अंडी बाहेर पडतात ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या विष्ठेतून. शौचानंतर हात नीट न धुता त्याने पाणीपुरी दिली, किंवा मैलापाणी सोडलेल्या शेतातली कोथिंबीर तुम्ही न धुता चटणीत वाटली, की अंडी तुमच्या पोटात. तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत. खाणारा वेगळा, भोगणारा वेगळा. शाकाहाराने यातून सुटका होत नाही.

पानकोबीला इथे उगाच बदनाम केलंय. किडा कोबीत राहत नाही. कोबी, मुळा, गाजर, कोथिंबीर, जे जे कच्चं खाता ते वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत आलं, त्याचा मलाही अभिमान आहे, पण कचऱ्याची गाडी वेळेवर आली म्हणून ठेलेवाल्याचे हात धुतले जात नाहीत.

यातली चांगली बातमी: अशा गाठीची मिरगी सहसा औषधाला दाद देते. गाठ विरते, आणि पुष्कळांच्या गोळ्या लवकर थांबवता येतात. किडा मारायचं औषध सुरू करायचं का, सोबत स्टेरॉइड कधी, हे स्कॅन पाहूनच ठरतं. शेजारणीला दिली तशी गोळी दुकानातून आणून घेऊ नका, एकाच वेळी बऱ्याच गाठी असतील तर किडे मरताना मेंदूला सूज येऊ शकते.

फिट म्हणजे पडणं, फेस, हातपाय झाडणं. ते नसेल तर मिरगी नाही ना?

इथेच सगळी गडबड आहे, आणि म्हणून मला ती 'स्मृती जाणं' व्याख्या आवडते.

एक सून आली होती. सासूची तक्रार: 'बोलता बोलता भरकटते, मग तोंडाने मचमच करते, पदर चुरगाळत बसते, विचारलं तर आठवत नाही म्हणते.' माहेरच्यांनी ते बाहेरचं ठरवून लिंबू-मिरच्या झाल्या होत्या. हे कानामागच्या भागातल्या फिटचं अगदी ठरावीक चित्र. अशा लोकांना आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, अकारण भीती वाटते, नसलेला जळका वास येतो, किंवा हे सगळं आधी घडून गेलंय असं वाटतं. मग एक-दोन मिनिटं माणूस समोर असून नसतो.

कपाळामागच्या भागातली फिट बहुधा झोपेत येते. माणूस ओरडतो, पाय सायकल चालवल्यासारखे हलवतो, अर्ध्या मिनिटात शांत. घरचे म्हणतात वाईट स्वप्न. डोक्याच्या मागच्या भागातली असेल तर रंगीत गोळे दिसतात, लोक ते अर्धशिशीवर ढकलतात. फिटनंतर एक हात तासन्‌तास लुळा पडू शकतो आणि तो लकवा वाटतो.

मुलगी लिहिता लिहिता दहा सेकंद थांबते, पापण्या फडफडतात, पुन्हा लिहू लागते. वहीत अक्षर घसरलेलं दिसतं. शाळेतून शेरा येतो: लक्ष देत नाही. माझ्याकडे आली की मी तिला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावते, आणि पडद्यावर सेकंदाला तीन या गतीने टोकदार लाटा उमटतात. आई रडते. मला तेव्हा बरं वाटतं, कारण याला नेमकं औषध आहे.

आणि चहाचा कप. बारा ते अठरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा, सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका बसतो, कप उडतो, कंगवा उडतो. घरी 'धांदरट' म्हणून बोलणी. मग परीक्षेच्या जागरणानंतर एक दिवस मोठी फिट येते. हा प्रकार मुलींत किंचित जास्त. गोळीने सुंदर ताब्यात राहतो, पण गोळी बहुधा वर्षानुवर्षं, कधी जन्मभर लागते. कप कधीपासून पडतोय हे सांगायला विसरू नका, कारण काही औषधं या प्रकारात झटके वाढवतात.

पाळीच्या दिवसांत फिट वाढतात. हा मनाचा खेळ आहे का?

मुळीच नाही. मिरगी असलेल्या बायकांत साधारण तिघींपैकी एकीला हे जाणवतं. इस्ट्रोजेन पेशींना उठवतं. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत एक पदार्थ तयार होतो तो गाबाला साथ देतो, म्हणजे शांत करतो. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि ब्रेक सैल होतो. म्हणून पाळीआधीचे तीन आणि पाळीचे पहिले तीन दिवस जोखमीचे. दुसरी वेळ दोन पाळ्यांच्या मधोमध, बीज सुटतं तेव्हा, कारण तेव्हा इस्ट्रोजेन उसळतं. ज्यांचं बीज वेळेवर सुटत नाही त्यांचा तर महिन्याचा सगळा उत्तरार्धच त्रासाचा.

इतिहासात या संबंधाने मोठी गंमत केली आहे. १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी पाळीशी जोडलेल्या फिटवर पोटॅशियम ब्रोमाइड दिल्याचं सांगितलं. त्यांचा समज असा की हा रोग बायकांच्या कामवासनेतून येतो आणि ब्रोमाइड ती मारतं. समज चूक, औषध लागू! मिरगीवरचं पहिलं खरोखर कामाला आलेलं औषध असं आलं. त्यानंतर १९१२ मध्ये फेनोबार्बिटोन आलं, ते अजून सरकारी दवाखान्यात मिळतं.

तुम्ही काय करायचं? तीन महिने एकाच कॅलेंडरवर पाळी आणि फिट दोन्हीच्या खुणा करा. घरात लटकलेलं कालनिर्णय चालेल. पाळी चुकवायच्या, लांबवायच्या गोळ्या सण-पूजेसाठी आपल्या मनाने घेऊ नका.

पुरुषांचं वेगळं काय?

हेल्मेट आणि दारू, हे दोन शब्द पुरेसे आहेत असं मी चेष्टेने म्हणते. डोक्याला जबर मार लागल्यावर फिट लगेचच येते असं नाही, काही महिन्यांनी, काही वर्षांनीही येते. दारूचं तर लोकांना उलटंच वाटतं. रोज पिणाऱ्याने बंद केल्यावर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येण्याची भीती असते. म्हणजे 'श्रावणात सोडली आणि फिट आली, मग सोडू कशाला' असं नसतं, सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दुसरी गोष्ट पुरुष बोलत नाहीत. बायको खोलीबाहेर गेली की हळूच विचारतात. होय, मिरगीत इच्छा आणि ताकद कमी होऊ शकते. काही अंशी आजाराने, काही अंशी मनावरच्या ओझ्याने, आणि काही अंशी औषधाने: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन यांच्यामुळे रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. याला उपाय आहे, औषध बदलता येतं. पण हे न सांगता गोळी परस्पर सोडणारे मी बरेच पाहिलेत, आणि ते पुढच्या खेपेला स्ट्रेचरवरून येतात.

व्हॅल्प्रोएट या मिरगीच्या औषधाबद्दल पूर्वी सावधगिरी फक्त बायकांना सांगत. जानेवारी २०२४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी पुरुषांनाही सांगायला सुरुवात केली, कारण गर्भधारणेआधीच्या तीन महिन्यांत बाप हे औषध घेत असेल तर मुलाच्या वाढीत अडचणींचा धोका थोडा वाढत असावा अशी शंका आहे. घाबरून बंद करू नका. मूल हवं असेल तर डॉक्टरांशी बोला, एवढंच.

ईईजी नॉर्मल आला. म्हणजे काही नाही ना?

माझ्याच कामाबद्दल सांगते, ईईजीवर इतका विश्वास ठेवू नका. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूची रेघ उमटवली, तेव्हापासून तिची मर्यादा तीच आहे: ती त्या वेळापुरतं सांगते. मिरगी असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा पहिला ईईजी नॉर्मल निघतो. उलट, निरोगी माणसाच्या ईईजीतही कधी किरकोळ टोकं दिसतात. निदान होतं ते पाहिलेल्या माणसाच्या तोंडून.

जागरण करून येणं याने मात्र फरक पडतो. एका घराने रुग्णाला जागं ठेवायला रात्री एक वाजेपर्यंत सराफ्यात फिरवलं, गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाऊ घातला, आणि सकाळी तो टेबलावर पडताच घोरायला लागला. उत्तम रेघ मिळाली.

डॉक्टर म्हणाले ही मिरगी नाही, मानसिक आहे. म्हणजे मुलगी नाटक करते?

नाही. नाटक म्हणजे ठरवून केलेलं. हे झटके शरीरात खरोखर येतात, फक्त त्या वेळी मेंदूत विजेचा वणवा नसतो. अशा रुग्णांत चारांपैकी साधारण तीन बायका असतात. मागे बहुधा काहीतरी सोसलेलं असतं. डोळे घट्ट मिटलेले, डोकं या बाजूने त्या बाजूला, वीस-वीस मिनिटं चाललेलं, अशा खुणा असतात, पण खुणेवरून घरच्यांनी निकाल देऊ नये. काहींना दोन्ही असतं. खात्री व्हिडिओ-ईईजीत, म्हणजे झटका आणि रेघा एकाच वेळी टिपल्या की, होते. उपचार समुपदेशनाचा. मिरगीच्या गोळ्या वाढवत नेल्या तर फक्त झोप वाढते. आणि पुरुषाला असं झालं तर कुणी विचारतसुद्धा नाही, थेट गोळ्या सुरू होतात. हाही अन्यायच.

लग्न करता येतं का? सांगायचं का?

करता येतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मिरगी ही लग्नाआडची अट होती, ती १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकली. सांगायचं, असंच माझं मत. लपवलेली गोळी आधी चुकते, मग बंद होते. हळदीचं जागरण, नवं घर, गोळी पर्समध्ये तशीच, आणि चौथ्या दिवशी फिट. मी अशा तीन नववधू पाहिल्यात, तिघींच्या हातावर मेंदी होती. लपवल्याचं प्रकरण पुढे फसवणूक म्हणून कोर्टातही जाऊ शकतं. इथल्या वधू-वर मेळाव्यांत पत्रिका, मंगळ, गोत्र सगळं विचारतात. मुलाला फिट येत असेल तर आई 'थोडी शुगर कमी होते' म्हणून सांगते, हेही मी ऐकलंय.

गोळ्या चालू असताना मूल?

होतं, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त बाळं निरोगी जन्मतात. पण तयारी दिवस राहण्याआधी करायची असते. व्हॅल्प्रोएट घेताना दिवस राहिले तर शंभरातल्या साधारण दहा बाळांत जन्मजात व्यंग येतं, आणि तीस ते चाळीस मुलांच्या बोलण्या-शिकण्यात पुढे अडचणी दिसतात. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो देत नाहीत. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरॅसिटाम तुलनेने सुरक्षित मानतात, पण गरोदरपणात त्यांचं रक्तातलं प्रमाण घसरतं, डोस वाढवावा लागतो. फोलिक अॅसिड आधीपासून. दिवस गेले म्हणून घाबरून गोळी एकदम सोडणं सर्वांत वाईट, पडून बाळालाही धोका.

गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर तेही सांगा. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांनी तिचा परिणाम कमी होतो, आणि इस्ट्रोजेनवाल्या गोळीने लॅमोट्रिजिन उतरतं. बाळंतपण नेहमीसारखं होऊ शकतं. अंगावर पाजता येतं. फक्त रात्रीची एक-दोन दुधं नवऱ्याने किंवा आईने वाटीने द्यावीत, म्हणजे बाळंतिणीची झोप होईल. बाळाला आंघोळ एकटीने घालू नका, कपडे बदला ते जमिनीवर.

केस गळणं, वजन वाढणं, हिरड्या सुजणं, ओठावर लव येणं, यांसाठी मुली गोळी सोडतात आणि कारण कुणालाच सांगत नाहीत. सांगा. दुसरी गोळी असते.

कशाने फिट ओढवते?

गोळी चुकणं पहिलं, झोप दुसरं. इंदुरात दुसऱ्याची फार सोय आहे. अनंत चतुर्दशीच्या झांक्या रात्रभर, रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या, आदल्या रात्री तयारी, लग्नं पहाटेपर्यंत. उत्सव बघा, पण दहा-अकराला घरी या आणि गोळी वेळेवर घ्या. निर्जळी उपवास करताना 'गोळीने उपास मोडतो' असं म्हणू नका. भांग नको.

समोर फिट आली तर?

घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, चष्मा काढा, गळ्याशी कपडे सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही. चप्पल, कांदा आणि लोखंडी किल्ली यांचं श्रेय एवढंच की तोपर्यंत फिट आपोआप थांबायची वेळ झालेली असते. पाच मिनिटांत थांबली नाही, पाठोपाठ दुसरी आली, बाई गरोदर आहे किंवा पाण्यात घडलं, तर १०८ ला फोन करून सरळ हॉस्पिटल.

गाडी, नर्मदा, स्वयंपाक?

गाडीसाठी परवान्याच्या अर्जात मिरगी आहे का हे स्वतःच्या सहीने सांगायचं असतं. होय लिहिलं तर परवाना मिळत नाही, म्हणून मुलं नाही लिहितात. मला त्यांची अडचण समजते, नोकरी त्यावर असते. पण नाही लिहून आग्रा-बॉम्बे रोडवर फिट आली तर मरणारा दुसराच कुणी असू शकतो.

ओंकारेश्वरला, महेश्वरला घाटावर लोट्याने आंघोळ करा, पाण्यात उतरू नका. घरी न्हाणीघराची कडी लावू नका. स्वयंपाक करताना मागच्या शेगडीवर करा, कढईचा दांडा आत वळवून. भाजलेले हात घेऊन येणाऱ्या सगळ्या बायकाच असतात.

गोळ्या कधी बंद? आणि ऑपरेशन?

साधारण दोन वर्षं फिट नसेल तर डॉक्टर विचार करतात, तोही सगळ्यांच्या बाबतीत नाही, आणि बंद करतात ती हळूहळू. सत्तर टक्के लोकांची फिट औषधाने थांबू शकते. दोन योग्य औषधं योग्य डोसने देऊनही थांबली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीत वर्षं घालवू नका, शस्त्रक्रियेची चौकशी करा. हिप्पोकॅम्पस आक्रसलेला असेल तर नीट निवडलेल्या रुग्णांत तीनांतले जवळजवळ दोन फिटमुक्त होतात. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होतात. मिरगी असलेल्या मोठ्या माणसांत दरवर्षी हजारात साधारण एकाचा अचानक, बहुधा झोपेत, मृत्यू होतो, आणि फिट थांबत नसतील तर हा धोका आणखी जास्त. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

तपासणीला येताना काय आणू?

ज्याने फिट पाहिली त्याला. वडिलांना फी भरायला पाठवू नका, घरी धाकटी बहीण होती ना, तिला आणा. मोबाइलवर व्हिडिओ काढला असेल तर सोन्याहून पिवळं. अकरा वर्षांच्या एका पोराने आईच्या फिटचा बावीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता, थरथरत्या हाताने, पण तिचा चेहरा कोणत्या बाजूला वळला ते स्पष्ट दिसत होतं. तीन वर्षं चुकीची गोळी चालली होती, ती त्या आठवड्यात बदलली.

जुने रिपोर्ट, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, पाळीच्या खुणांचं कॅलेंडर. पोट भरून या. आणि आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा, तेल लावू नका. आजी कितीही म्हणाली तरी.